पिकअपला पिकअप नाही

आमच्या गाडीचा रोग सांगायला गेलं की पहिल्या वाक्यातच घोटाळा होतो. सर्व्हिस सेंटरला फोन केला. पलीकडून मुलीने विचारलं, "गाडी कोणती, सर?" म्हटलं, "पिकअप." "तक्रार काय आहे?" "पिकअप." जरा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली, "सर, तुम्ही गाडी घेऊनच या."

गाडी नवी आहे. मागच्या सीटवरचं प्लास्टिक मी अजून कुणाला काढू दिलेलं नाही. ऑटोमॅटिक, दहा गियरची. (बदलायचा एकही मला नाही, तर दहा कशाला, हे घेतानाच विचारायला हवं होतं.) सिग्नल हिरवा होतो, मी ॲक्सिलरेटर दाबतो आणि गाडी विचारात पडते. मागचे हॉर्न सुरू होतात. मग गॅसवर काहीतरी ठेवून आल्याचं आठवावं तशी ती एकदम सुटते. हौद्यात एक पाना पडलेला असतो, तो मागे घसरत जाऊन फळीवर आपटतो. ठण्! थांबायला आलो की दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना खालून कुणीतरी लाथ घालतं आणि तोच पाना पुढे येतो. पुन्हा ठण्! गाडी आज किती बिघडलीय हे मी त्या पान्यावरून मोजायला लागलो. बरा दिवस म्हणजे सहा ठण्. वाईट दिवशी मोजणं सोडून द्यायचो.

सल्ले फुकट मिळाले. कुणी एअर फिल्टर म्हणालं, कुणी पेट्रोलमधली भेसळ. मेहुण्याने "मी तेव्हाच मॅन्युअल घ्या म्हणत होतो" एवढंच म्हटलं आणि त्याला फार बरं वाटलं.

सर्व्हिस सेंटरच्या माणसाला शेजारी बसवून ट्रायल मारली, तर गाडी लोण्यासारखी चालली. पाहुण्यांसमोर घरातलं कार्टं पाढे म्हणून दाखवतं, तशी. स्कॅनर लावला. "एकही कोड नाही, साहेब. पी ०३०० आला असता तर मिसफायर, म्हणजे इंजिनात इंधन नीट पेटत नाही, असं धरलं असतं." कोड नाही म्हणजे रोग नाही. मी पान्याचं सांगितलं. त्याने जॉबकार्डावर लिहिलं, 'कस्टमर सेज नॉइज'.

तिसऱ्या खेपेला एक वयस्कर मिस्त्री भेटले. ते गाडीकडे बघतच नव्हते, माझ्या पायाकडे बघत होते. मग हळूहळू उलगडून सांगू लागले. या पेडलला आता केबल नसते. खाली सेन्सर असतो. पाय किती दाबला ते तो कॉम्प्युटरला कळवतो, आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, किती उघडायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. म्हणजे इतके दिवस मी ज्याला हुकूम समजत होतो तो अर्ज होता! त्यात इंधन वाचावं म्हणून गियरबॉक्स घाईने वरच्या गियरला जाऊन बसतो. आपण अचानक पाय दाबला की त्याला आठव्यावरून पाचव्यावर उतरायचं असतं. तो उतरेपर्यंत आपण घाबरून पाय काढलेला असतो. मग तो परत चढतो.

"आणि साहेब, हा गियरबॉक्स शिकतो. आतल्या क्लचना किती दाब द्यायचा, कधी द्यायचा, ते रोजच्या चालवण्यातून ठरवत जातो. तुम्ही पाय ठेवता, उचलता, परत ठेवता. जायचंय की नाही, तेच त्याला कळत नाही."

ही मागच्या सीटवर, प्लास्टिकवर बसली होती. म्हणाली, "म्हणजे तुमच्यावर गेलीय."

मिस्त्रींनी थ्रॉटल बॉडीतला कार्बन काढला. गियर ऑइल बघायला या गाडीला दांडीच दिलेली नाही. गाडी लिफ्टवर चढवून, ऑइल ठरावीक तापमानाला आणून, खालचा बोल्ट उघडून पातळी बघायची. ती त्यांनी बघितली. नवं सॉफ्टवेअर टाकलं आणि शिकलेलं सगळं पुसून टाकलं. "आता नव्याने शिकेल. काही दिवस एकसारख्या पायाने चालवा." हे शेवटचं वाक्य त्यांनी हिच्याकडे बघून म्हटलं.

तेव्हा पंधरा दिवस गाडी हिने चालवली आणि मी शेजारी बसून पाय आवळत राहिलो. सिग्नल सुटला की गाडी सुटायची. हौद्यातून आवाज नाही. सोळाव्या दिवशी मी चालवायला बसलो, तरीही ठण् नाही! मेहुण्याला मुद्दाम फोन करून सांगितलं. मिस्त्रींनाही सांगितलं. ते नुसतं "बरं" म्हणाले.

परवा बॅटरीचं टर्मिनल आवळायला पाना हवा होता. हौद्यात बघितलं, नाही. सीटखाली, नाही.

"अहो, तो मी केव्हाच काढून माळ्यावर टाकलाय," ही आतून म्हणाली. "फार वाजायचा."