काळं वासरू म्हणजे अँगस नव्हे

अमेरिकेत अँगस (मांसासाठी पाळली जाणारी, बहुधा काळी गायीची जात) वासरांना जास्त भाव मिळतो तो निव्वळ मांसाच्या चवीमुळे, हे त्यांच्या भावावरच्या लेखातलं विधान पटलं नाही. अमेरिकन अँगस असोसिएशनने 1978 मध्ये 'सर्टिफाइड अँगस बीफ' हा ब्रँड काढला. त्यात पहिली चाळणी रंगाची: जनावराचं अंग मुख्यतः काळं हवं. मांसातल्या चरबीची वगैरे तपासणी कत्तलीनंतर. मग सिमेंटल, लिमोझिन, गेल्बवी या मुळात तांबड्या-पिवळसर जातींतही अँगसचं रक्त घालून काळी जनावरं तयार झाली. काळ्या रंगाचं जनुक प्रभावी, त्यामुळे लाल गायीला शुद्ध काळा वळू दाखवला की पहिल्याच पिढीत वासरं काळी! लिलावात त्याच कळपातल्या, त्याच वजनाच्या लाल वासराला बरेचदा पौंडामागे कमी बोली लागते.

मला खरी काळजी संकराची वाटते. हेरफोर्ड (तांबडी, पांढऱ्या तोंडाची जात) आणि अँगसची पांढऱ्या तोंडाची काळी कालवड काटक असते, वासरू उत्तम सांभाळते. पण रंगाच्या भावापायी तिलाही अँगस, तिच्या कालवडीलाही अँगसच दाखवत गेलं, तर संकराचा जोम (दोन वेगळ्या जातींच्या मिश्रणातून आलेला काटकपणा) पिढीगणिक उतरतो. गाभण राहण्याचं प्रमाण घटतं, दूध तुटतानाचं वासराचं वजनही. भावाच्या हिशेबात हा तोटा लेखात यायला हवा होता.