शेणकिड्याच्या पायांवरचे केस

आपली प्रतिक्रिया काळजीपूर्वक वाचली. संग्रहातील शेणकिड्याच्या, छायाचित्रे जोडून संगणकावर तयार केलेल्या त्रिमितीय प्रतिरूपाला मी लेखात 'अचूक' म्हटले, प्रत्यक्षात पायांवरचे केस त्यात चिखल थापल्यासारखे दिसतात, आणि सूक्ष्म सीटी स्कॅन (क्ष-किरणांनी घेतलेली त्रिमितीय प्रतिमा) उपलब्ध असताना हजारो छायाचित्रांचा खटाटोप कशासाठी, असे आपले दोन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. एकच बिंदू निरनिराळ्या छायाचित्रांत ओळखता आला तरच संगणक त्याचे स्थान ठरवू शकतो. केस इतके बारीक आणि एकमेकांसारखे असतात, की या चित्रातला केस त्या चित्रातला कोणता हे त्याला कळत नाही, आणि तो सगळ्यांचा मिळून एक गोळा करून टाकतो. पारदर्शक पंखांची गत तर याहून वाईट होते.

दुसऱ्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. सीटी स्कॅनमध्ये आतली रचनाही दिसते, परंतु रंग मिळत नाही, आणि या किड्याच्या काळ्या पाठीवर तांबूस झाक आहे, जी मला टिपायची होती. (ध्रुवीकरण गाळण्या, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या काचा, दिव्यांवर आणि भिंगावर एकमेकींना काटकोनात लावल्या नाहीत, तर चकाकीत ही झाक हरवते.) एकास एक आकारात (कॅमेऱ्याच्या संवेदकावर किडा मूळ आकाराएवढाच उमटतो तेव्हा), भिंगाचे छिद्र एफ/८ इतके लहान ठेवूनही, सुस्पष्ट पट्टा जेमतेम १ मिलिमीटर खोलीचा मिळतो आणि किडा २ सेंटिमीटरचा, म्हणून प्रत्येक कोनातून कॅमेरा किंचित किंचित पुढे सरकवत ३० चित्रे घेऊन ती एकत्र करावी लागतात. दर १० अंशांनी, तीन उंचींवरून, असे १०८ कोन झाले, म्हणजे ३,२४० चित्रे.

आपल्या नजरेतून सुटलेली एक चूक मीच सांगतो. शेणकिड्यासारख्या भुंगेऱ्यांना संग्रहात ठेवताना टाचणी उजव्या कवचपंखातून (पाठीवरच्या कठीण पंखातून) टोचतात. आमच्या नमुन्यात ते भोक सैल झाले होते, त्यामुळे कोन बदलण्यासाठी नमुन्याखालची तबकडी फिरताना किडा केसभर मागे राहत असे. पहिल्या प्रतिरूपात डाव्या मागच्या पायाशेजारी त्याच पायाचे भूत उमटले, आणि मुंबईतल्या जुलैच्या दमट हवेत नमुना पुन्हा पेटीबाहेर काढायला नको म्हणून दुसरी फेरी मी नोव्हेंबरपर्यंत लांबवली.

लेखातला किड्याच्या लांबीचा दावा मात्र मागे घेत नाही. छायाचित्रांवरून संगणकाला केवळ प्रमाण कळते, मिलिमीटर नव्हे. ते शेजारी ठेवलेल्या मोजपट्टीवरून दिले आणि व्हर्नियर या सूक्ष्म मापकाने पडताळले. लेखात आता 'पाठ आणि शिंग यांपुरते अचूक' अशी दुरुस्ती केली असून पायांच्या केसांची मूळ छायाचित्रे प्रतिरूपाखाली जोडली आहेत.