रक्त काढल्याने तार सुरात वाकत नाही

सोलापुरात गिटार शिकणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या ‘अस्सल वादकाचे नियम’ नावाचा एक संदेश फिरत आहे. बेंडिंग, म्हणजे फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरील धातूच्या पट्टीपाशी) दाबलेली तार आडवी ढकलून स्वर चढवणे, शिकायचे असेल तर पहिल्या दिवसापासून ०.०१३ इंचाचा (म्हणजे पहिली, सर्वांत बारीक तार तेवढ्या जाडीची असलेला) जाड सेट लावावा, तार एकाच बोटाने वाकवावी, रक्त येईपर्यंत थांबू नये, हे तंत्र पाश्चात्त्य असल्यामुळे आपल्या संगीताच्या सवयी विसराव्यात आणि आठवड्याला एक तरी तार तुटलीच पाहिजे, असा त्याचा आशय आहे. माझ्या अकरावीतल्या भाच्याने तो प्रमाण मानला आणि अनामिकेचे टोक फाडून घेतले. एरवी असल्या मजकुराची दखल घेण्याचे काही कारण नव्हते.

जाड तारांचा सल्ला सर्वांत घातक आहे. फ्रेंच गणिती मारिन मर्सेन याने १६३६ साली मांडलेल्या नियमानुसार, लांबी व स्वर तोच ठेवून तार जाड केली की तिच्यावरील ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे इलेक्ट्रिक गिटारवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ०.००९ इंचाच्या पहिल्या तारेऐवजी ०.०१३ इंचाची लावली तर ताण दुपटीहून अधिक होतो, आणि बोटाला लागणारा जोरही त्याच प्रमाणात वाढतो. त्यातच पूर्ण एक स्वर, म्हणजे दोन फ्रेटइतका, चढवण्यासाठी मूळ ताणात आणखी सुमारे २६ टक्क्यांची भर घालावी लागते. हा हिशेब कोवळ्या बोटांवर लादून वर त्याला तपश्चर्या म्हणायचे, हा शुद्ध अडाणीपणा आहे.

संदेशात अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉनचा दाखला आहे आणि तो खोटा नाही, एवढे मान्य करावे लागते: तो ०.०१३ची तार वापरत असे आणि जाड तारेचा आवाज भरदार असतो. मात्र तो गिटार अर्धा स्वर उतरवून लावत असे, त्यामुळे ताण सुमारे ११ टक्के कमी होतो, ही गोष्ट संदेशकर्त्याने सोयीस्करपणे गाळली आहे. १९६५ साली कारखान्यातील अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावलेल्या, डाव्या हाताने वाजवणाऱ्या, म्हणजे तारा उजव्या हाताने दाबणाऱ्या, ‘ब्लॅक सबाथ’च्या टोनी आयोमीने तर मुद्दाम हलक्या तारा लावल्या. त्याच्या वादनाला दुबळे म्हणण्याचे धाडस संदेशकर्त्याने करून दाखवावे.

रक्ताबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. बोटाला घट्टे थोड्या-थोड्या, नियमित सरावाने पडतात. फाटलेली त्वचा भरून येईपर्यंत सराव बंदच ठेवावा लागतो.

एका बोटाचा नियमही तसाच निराधार आहे. अनामिकेने तार दाबून तिच्यामागे त्याच तारेवर मधले बोट आणि तर्जनी टेकवावी, अंगठा गिटारच्या दांडीवरून वर आणावा आणि बोटे न ताणता मनगट फिरवावे, ही शिकवण्याची रूढ रीत आहे. जोर मनगटातून येतो, सूर मात्र कानानेच पकडावा लागतो. म्हणून तिसऱ्या तारेवर नवव्या फ्रेटचा स्वर आधी वाजवून ऐकावा आणि मग सातव्या फ्रेटवर तार वाकवून नेमक्या त्या स्वराला पोहोचावे. त्याच्या अलीकडे थांबलेले बेंडिंग, रक्त सांडून केले तरी, बेसूरच असते.

आपल्या सवयी विसरण्याचा सल्ला वाचून तर हसू आले. सितारवर एकाच पडद्यावर तार ओढून चार-पाच स्वरांपर्यंत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकणे, घेतली जाते, आणि अशा सितारी घडवणारे मिरज आपल्या शेजारच्या जिल्ह्यातच आहे. तिथल्या सितारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मींड ऐकून तयार झालेला कान बेंडिंगमध्ये अडचण ठरत नाही, उलट स्वर कुठे पोहोचायला हवा हे त्याला आधीच ठाऊक असते.

राहिला तार तुटण्याचा मुद्दा. तार बहुधा घोडीपाशी, एखाद्या धारदार कडेवर किंवा गंजलेल्या जागी तुटते. एकाच जागी वारंवार तुटत असेल तर ती कड बारीक पॉलिश पेपरने घासून घ्यावी आणि जुना सेट बदलावा.