प्रोपेनच्या ट्रिमरला जरा जास्तच डोक्यावर घेतलंय

एप्रिल लागला, घरामागचं गवत तरारलं, की अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज हमखास डोकं वर काढतो. मजकूर दरवर्षी थोडाफार बदलतो, गाभा तोच: गवत कापायचा पेट्रोलचा ट्रिमर टाकून द्या, बॅटरीच्या नादी लागू नका, प्रोपेनवर चालणारा घ्या. प्रदूषण शून्य. पेट्रोलपेक्षा स्वस्त. कार्ब्युरेटर कधीच तुंबत नाही. कॅम्पिंगच्या स्टोव्हला लावतो ते छोटं हिरवं सिलिंडर चालतं, संपलं की घरच्या बार्बेक्यूच्या टाकीतून भरून घ्या. गोदामातल्या फोर्कलिफ्टसारखा बंद गॅरेजमध्येही वापरता येतो. छोट्या पेट्रोल इंजिनांवरच्या कॅलिफोर्नियाच्या बंदीतही बसत नाही. आणि शेवटी हात जोडून, ‘गावी आंब्याच्या बागेसाठीही उत्तम, पुढे पाठवा’.

यातलं एक विधान खरं आहे. काही अर्धवट आहेत. आणि दोन अशी आहेत की ती वाचून कुणी तसं केलं तर जिवावर बेतेल. म्हणून हा खटाटोप. (इथे लोक पेट्रोलला गॅस म्हणतात, त्यामुळे घोटाळा नको म्हणून मी सरळ पेट्रोल आणि प्रोपेन असंच लिहितोय.)

आधी यंत्राबद्दल थोडं. नायलॉनची दोरी गरगर फिरवून गवत कापायची कल्पना ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलसची, १९७१ सालची. गाडी धुण्याच्या यंत्रातले फिरते ब्रश पाहून त्याला ती सुचली, आणि पहिला नमुना त्याने पॉपकॉर्नच्या डब्याला मासेमारीची दोरी बांधून केला. त्याच यंत्राला प्रोपेनचं इंजिन जोडून ते दुकानात आणलं कॅलिफोर्नियातल्या लेहर या कंपनीने, २०००च्या दशकाच्या अखेरीस. २५ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन आणि मागच्या टोकाला फिरवून बसवायचं एक पौंडाचं सिलिंडर. आज लोकांच्या हाती येतात ते बहुतेक गॅरेज सेलमधले जुने नग. मेसेजमध्ये मात्र ते ‘नवं तंत्रज्ञान’ असतं.

आता खरं विधान: कार्ब्युरेटरचं. इथल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं, आणि हिवाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत चिकट थर धरतं. मग वसंतात दोरी ओढून ओढून खांदा दुखतो आणि इंजिन काही दाद देत नाही. प्रोपेन शिळं होत नाही. सिलिंडर काढून ठेवा, दोन वर्षांनी लावा, प्रोपेन तसंच. ओतताना सांडत नाही, हाताला वास नाही, तेल मिसळायची भानगड नाही. हे सगळं मान्य. वर्षातून दोन-तीनदाच ट्रिमर लागणाऱ्या माणसासाठी हा फायदा छोटा नाही.

‘प्रदूषण शून्य’ हे मात्र खोटं. प्रोपेन जळलं की कार्बन डायऑक्साइड निघतो. तेवढीच ऊर्जा पेट्रोलमधून घेतली असती तर जेवढा निघाला असता त्यापेक्षा सुमारे १० ते १२ टक्के कमी, एवढाच फरक. शिवाय नायट्रोजन ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड आहेतच.

मग प्रोपेनचा ट्रिमर स्वच्छ असल्याची ख्याती आली कुठून? तुलना कशाशी केली, त्यातून. ती केली जाते जुन्या टू-स्ट्रोक ट्रिमरशी. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येतं तेव्हा धूर बाहेर जायचं दार अजून उघडंच असतं. त्यामुळे आलेल्या इंधनातलं २५ ते ३० टक्क्यांपर्यंत न जळताच बाहेर पडतं, सोबत त्यात मिसळलेलं तेलही. तो निळसर धूर आणि तो डोकं चढवणारा वास याचाच. फोर-स्ट्रोकमध्ये ही गळती जवळजवळ नसते. पण फोर-स्ट्रोक ट्रिमर पेट्रोलवरही मिळतात. होंडाचं जीएक्स२५ हे २५ सीसीचं इंजिन तसंच आहे, तेल वेगळं, पेट्रोल वेगळं, मिसळायचं काही नाही. म्हणजे मेसेजने श्रेय इंधनाला दिलंय, आणि ते बरंचसं आहे इंजिनाच्या रचनेचं. प्रोपेनच्या खात्यावर खरोखर जमा होतं ते एवढंच: टाकीतून आणि कॅनमधून उडून जाणारी वाफ वाचते आणि जळण थोडं स्वच्छ होतं. चांगली गोष्ट आहे, पण तिला शून्य म्हणता येत नाही.

याच ओघात मेसेजमध्ये एक आकडा असतो: ‘पेट्रोलचा ट्रिमर तासभर चालवणं म्हणजे ११०० मैल गाडी चालवणं’. हा आकडा कॅलिफोर्नियाच्या हवेच्या प्रदूषणावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी मंडळाचा, पण तो पाला उडवायच्या धंदेवाईक लीफ ब्लोअरबद्दल आहे, ट्रिमरबद्दल नाही. आणि तो धुरकं बनवणाऱ्या घटकांपुरता आहे. कार्बन डायऑक्साइडचा त्यात संबंध नाही. ११०० मैलांना लागणाऱ्या पेट्रोलचा धूर एका तासात कुठलंच हातातलं यंत्र काढत नाही, तेवढं त्याच्या टाकीत मावतच नाही.

आता पैशांकडे येऊ, कारण आपल्या मंडळींना खरी भुरळ पडते ती ‘स्वस्त’ या शब्दाची. एका छोट्या सिलिंडरमध्ये साधारण ४५४ ग्रॅम प्रोपेन. त्यातली ऊर्जा सुमारे २१ मेगाज्यूल, म्हणजे पेट्रोलच्या हिशेबाने जेमतेम पाऊण लिटरच्या आत. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तर तेवढ्या पेट्रोलचे होतात ६० ते ६५ सेंट. आणि ते सिलिंडर दुकानात मिळतं ५ ते ८ डॉलरला. टू-स्ट्रोकची गळती धरून पेट्रोलवाल्याला जास्तीचं इंधन आणि वर तेलाचे पैसे लावले, तरी त्याचा आकडा डॉलरच्या आसपासच थांबतो. प्रोपेन कुठे स्वस्त झालं?

पाव एकराच्या घरात कडा, झाडांची आळी आणि कुंपणालगतची पट्टी एवढं आठवड्याला २० मिनिटांचं काम धरा. एप्रिल ते सप्टेंबर मिळून आठेक तास. एक सिलिंडर गवताच्या दाटपणावर सव्वा ते दोन तास जाईल असं धरलं, तर हंगामाला पाच-सहा सिलिंडरं, ३० ते ४० डॉलर. तेच काम पेट्रोलवर गॅलनभरात उरकतं.

यात आणखी एक गोष्ट कुणी मोजत नाही. द्रव प्रोपेनची वाफ होताना सिलिंडर गार पडत जातं. दमट दिवशी हात लावून पाहा, जिथवर आत द्रव आहे तिथवर पत्र्यावर दवाचा पट्टा धरलेला असतो आणि त्याच्या वर पत्रा कोरडा. तो पट्टा खाली सरकत तळाशी आला, सकाळ थंड असली, की दाब उतरतो आणि इंजिन दाट गवतात मान टाकतं. थोडं प्रोपेन आत उरलेलं असतं, पण ट्रिमरच्या कामाचं नसतं. नेमकं किती उरलंय ते कळायला स्वयंपाकघरातला वजनकाटाच लागतो.

यावर मेसेजचं उत्तर तयार असतं: ‘घरीच भरा’. इथे थांबून ते सिलिंडर हातात घ्या आणि पोटावरचा बारीक मजकूर वाचा. ते एकदाच वापरायचं आहे, आणि पुन्हा भरून त्याची वाहतूक केली तर केंद्रीय कायद्याने ५ लाख डॉलरपर्यंत दंड आणि ५ वर्षांपर्यंत कैद, असं त्यावर चक्क छापलेलं असतं. भरायचे पितळी अडॅप्टर ऑनलाइन सर्रास मिळतात, त्यामुळे लोकांना वाटतं चालतं. कायदा बाजूला ठेवा. प्रोपेन तापलं की फुगतं, म्हणून कुठलंही सिलिंडर ८० टक्क्यांच्या आसपासच भरायचं असतं. बार्बेक्यूच्या मोठ्या टाकीला जास्त भरू न देणारी झडप असते. या छोट्याला ती नसते. घरी अंदाजाने काठोकाठ भरलेलं सिलिंडर जुलैत गाडीच्या डिकीत राहिलं, तर सुरक्षा झडप उघडून प्रोपेन गाडीत पसरणार, आणि एकदा उघडलेली ती स्वस्त झडप पुन्हा नीट बसेलच असं नाही. भरायचंच असेल तर मुद्दाम पुन्हा भरण्यासाठी बनवलेली एक पौंडाची सिलिंडरं बाजारात आहेत. ती घ्या, सोबतच्या सूचनेप्रमाणे वजन करून भरा. मग पौंडाला सव्वा-दीड डॉलर पडतो आणि ‘स्वस्त’ या शब्दाला थोडी तरी अब्रू येते. कॅलिफोर्नियात तर २०२८पासून एकदाच वापरायची ही सिलिंडरं विकायलाच बंदी येतेय, २०२२च्या कायद्याने. रिकामी झालेली कचऱ्यात टाकता येत नाहीत, रिसायकलिंगच्या डब्यातही नाहीत, आणि बहुतेक घरांत ती गॅरेजच्या कोपऱ्यात साठत जातात.

गॅरेजवरून आठवलं, आणि हा मुद्दा मेसेजमधला सगळ्यात घातक. ‘फोर्कलिफ्ट गोदामात चालतो, मग ट्रिमर गॅरेजमध्ये का नाही?’ गोदामाचं छत उंच असतं, वायुवीजनाची सोय केलेली असते, फोर्कलिफ्टच्या इंजिनाची देखभाल वेळेवर व्हावी लागते, आणि तरीसुद्धा तिथे कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. प्रोपेनवर चालणाऱ्या फरशी घासायच्या यंत्रांनीही इमारतींच्या आत माणसं आजारी पडली आहेत. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. प्रोपेनचा धूर नाकाला कमी झोंबतो, म्हणून उलट धोका कळायला उशीर होतो. मार्चमध्ये ‘चालतोय का बघू’ म्हणून दार लावून दोरी ओढायची नाही, मग इंधन कुठलंही असो. दुसरं, गळालेलं प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतं, ते जमिनीलगत पसरतं, आणि कित्येक गॅरेजांत जमिनीजवळच वॉटर हीटरची ज्योत असते. सिलिंडर ट्रिमरला लावून आत ठेवू नका. काढा, आणि घराबाहेर सावलीत ठेवा.

कॅलिफोर्नियाचं एका ओळीत उरकतं. २०२१च्या कायद्यावर आधारलेला तिथला नियम २०२४ आणि पुढच्या मॉडेलांच्या छोट्या इंजिनांकडून शून्य उत्सर्जन मागतो. ठिणगीवर पेटणारं इंजिन म्हटलं की प्रोपेनचंही त्यात आलंच. नियम नव्या यंत्रांच्या विक्रीसाठी आहे, तुमच्याकडचं जुनं कुणी काढून नेत नाही.

बॅटरीबद्दल मेसेज एवढंच म्हणतो की ‘बॅटरी महाग, लवकर मरते’. यात तथ्य आहे. ५६ व्होल्टची छोटी बॅटरी एकदा चार्ज करायला तीनेक सेंटची वीज लागते, अर्धा-पाऊण तास चालते, पण काही वर्षांनी बदलायची वेळ आली की शे-दीडशे डॉलर मोजावे लागतात. प्रोपेनच्या तीन-चार हंगामांच्या सिलिंडरांएवढाच तो खर्च. म्हणजे पैशात ती फार पुढे नाही. पुढे आहे ती बाकी सगळ्यात: आवाज कमी, धूर नाही, बटण दाबलं की सुरू, आणि मागच्या टोकाला किलोभर वजनाचं पोलादी सिलिंडर लटकत नाही. तीच बॅटरी ब्लोअरला आणि लॉन कापायच्या मोअरलाही बसते. पाव एकराच्या घराला मी डोळे झाकून तीच सांगेन. दोन एकर, ओढ्याकाठचं कमरेएवढं तण, असं असेल तर फोर-स्ट्रोक पेट्रोल. प्रोपेनला या दोघांच्या मधली अरुंद जागा उरते: डोंगरातली केबिन, जिथे वीज नाही, ट्रिमर वर्षातून दोनदा लागतो आणि कॅम्पिंगची सिलिंडरं एरवीही घरात असतात. बसून चालवायच्या मोठ्या मोअरवर मात्र प्रोपेन शोभतं. लॉनच्या ठेकेदारांकडे तशी यंत्रं आहेत, कारण तिथे टाकी मोठी, इंधन घाऊक दराने आणि काम दिवसभर. हातातल्या ट्रिमरला तो हिशेब लागू होत नाही.

राहिली गावची आंब्याची बाग. प्रोपेनचा ट्रिमर कसाबसा नेलात, तरी सिलिंडर विमानात चालत नाही, आणि रत्नागिरीत त्या आट्यांचं एक पौंडी सिलिंडर मिळणार नाही. भारतातल्या सिलिंडरातला गॅस निव्वळ प्रोपेन नसून प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतो, जोडणीही वेगळी. मग कुणीतरी गावठी फिटर गाठून ‘घरच्या सिलिंडरावर चढवून दे’ म्हणणार. घरगुती सिलिंडर स्वयंपाकाखेरीज इतर कामाला लावणं २०००च्या एलपीजी आदेशाविरुद्ध आहे, आणि तो आदेश जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा आहे. शिवाय १४.२ किलोचं सिलिंडर उतारावरच्या कलमांमधून रबरी नळीने ओढत न्यायचं कुणी? पावसाळ्यानंतर बागेत माजलेलं रान दोरीने निघतही नाही, त्याला पातं लागतं. गड्याला पेट्रोलवरचा फोर-स्ट्रोक ग्रासकटर घेऊन द्या, सोबत डोळ्यांवरचा चष्मा आणि पायाला गार्ड. घेण्याआधी त्याची पाती आणि सुटे भाग तालुक्याच्या बाजारात मिळतात का, तेवढं विचारून घ्या.