म्हणे, ‘तो काळच तसा होता’

सकाळी एका गटात कुणीतरी लिहिलं, ‘इन्क्विझिशनकडे आजच्या चष्म्यातून बघू नका, तो काळच तसा होता.’ खाली अंगठ्यांची रांग. इन्क्विझिशन म्हणजे, खरे ख्रिस्ती नाहीत अशा संशयावरून लोकांवर खटले चालवणारं चर्चचं न्यायालय. तेव्हापासून डोकं फिरलंय.

स्पेनमधल्या एक्स्त्रेमादुरा प्रांतात एर्रेरा नावाचं गाव. तिथल्या एका चांभाराची पोर, इनेस एस्तेबान. १४९२ मध्ये राजाराणीनं ज्यूंना देशाबाहेर काढलं. राहायचं तर बाप्तिस्मा. इनेसच्या घरचे कागदोपत्री ख्रिस्ती. आई वारलेली. बारा-एक वर्षांची पोर सांगू लागली, आईनं हात धरून मला स्वर्गात नेलं. आपली जाळलेली माणसं तिथे सोन्याच्या खुर्च्यांवर बसलीत. संदेष्टा एलिया येणार, आपल्याला आपल्या भूमीत नेणार. लोक चोरून उपास करू लागले, ज्यूंचा विश्रांतीचा शनिवार पाळू लागले. तिच्याच वयाच्या पोरी त्या भूमीतल्या नवऱ्यांची वाट बघू लागल्या.

आमच्याकडे आई गेली तेव्हा भाची साधारण याच वयाची. एक दिवस म्हणाली, ‘आजी आली होती, मला डोंगरावरच्या देवळात घेऊन गेली.’ शेजारच्या काकू लगेच हजर, ‘पातळ कुठलं नेसली होती गं?’ सगळ्या रडल्या, मग चहा झाला. संपलं.

इनेसकडेही बायका असंच विचारायला येत असणार. तिचं मात्र असं संपलं नाही. १५०० मध्ये इन्क्विझिशनच्या खटल्यानंतर तिला तोलेदो शहरात जाळलं. ज्यू रिवाजात मुलगी बाराव्या वर्षी जाणती होते, आणि इन्क्विझिशनही मुलींना बाराव्या वर्षापासूनच जबाबदार धरायचं. वयात आल्याची पावती पोरीला दोन्हीकडून मिळाली!

हो, मोठ्यांनी तिला डोक्यावर घेतलं, ते चुकलंच. मान्य. पण आम्हीही भाचीला आठवडाभर तेच तेच सांगायला लावलं होतं की. आमच्या दारात कुणी आलं नाही, एवढाच फरक.

आणि हे सगळं लांबचं वाटत असेल तर गोव्याकडे बघा. गार्सिया द ओर्ताचे आईवडील त्याच एक्स्त्रेमादुरातून पोर्तुगालला पळालेले ज्यू. मुलगा गोव्यात नावाजलेला वैद्य झाला, १५६३ मध्ये इथल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ छापला. तो वारल्यावर वर्षभरातच, १५६९ मध्ये, त्याच्या बहिणीला, कातारीनाला, गोव्यातल्या इन्क्विझिशनपायी जिवंत जाळलं. १५८० मध्ये त्याचीही हाडं उकरून जाळली. मेलेल्या माणसाची हाडं!

काळाचा चष्मा म्हणे. जाळणाऱ्यांचा काळ तेवढा समजून घ्यायचा. इनेसही त्याच काळातली होती ना? हे चूक आहे, ते तिला कळत होतं. गटात मी एवढंच लिहिलं, आणि ‘ताई, भावनिक होऊ नका’ असं उत्तर आलं. होणार. इथे कुणाला तेच सांगायचं असेल तर सरळ अनफ्रेंड करा.