शाई निघेपर्यंत

मतदानाची शाई कातडीवरून पंधरा-वीस दिवसांत निघते. नखावरची मात्र निघत नाही, ती नखाबरोबर वाढत वाढत पुढे सरकते. महिन्याला साधारण तीन मिलिमीटर. २० मे २०२४ पासून पुढचे पाच महिने आमच्या घरात कुणाच्या चेहऱ्याकडे बघायची सोय नव्हती, म्हणून मी डाव्या हाताच्या तर्जनीकडे बघत होतो. त्यातून हे ज्ञान झालं.

आमच्याकडे लोकसभेला कायम दोनच उमेदवार असतात. एक वडिलांचा, एक आईच्या भावाचा. अण्णा आणि मामा. १९९९ साली वाजपेयींचं सरकार एका मतानं पडलं, २६९ विरुद्ध २७०, तेव्हा अण्णा दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. २००४ ला एक्झिट पोल तोंडावर आपटले, तेव्हा मामा दोन दिवस गप्प बसत नव्हते. तरी इतकी वर्षं निभावलं, कारण निकाल लागला की एक जिंकलेला असायचा, एक हरलेला, आणि जिंकलेला हरलेल्याला चहा पाजायचा. २०२४ ला दोघंही जिंकले, दोघंही हरले आणि चहा कुणी कुणाला पाजायचा हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

मतदानाला दोघांना मीच गाडीतून नेलं होतं. मागे अण्णा, पुढे मामा, म्हणजे मारामारी होऊ नये. केंद्रात मोबाइल न्यायचा नसतो, म्हणून तिघांचे मोबाइल गाडीतच ठेवले आणि उन्हात चालायला लागलो. मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार करायचा नाही असा नियम आहे आणि अण्णा नियमाचे पक्के. रस्त्यावर चुन्याची रेघ मारलेली होती. रेघेपर्यंत दोघं कडाकडा भांडले. रेघ ओलांडली, दोघं गप्प. पुढची पावणेदोन तासांची रांग त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणाचा प्रश्न यांवर काढली. मत देऊन परत आलो, रेघ ओलांडली, आणि मामांनी जिथं वाक्य तोडलं होतं तिथूनच उचललं.

मशीनशेजारच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. मामांनी आत मोजली. त्यांच्या मते पाचच सेकंद दिसली. अण्णा म्हणाले, तू भरभर मोजतोस.

मी मत कुणाला दिलं हे इथंही सांगणार नाही. अण्णांना खात्री आहे की त्यांना. मामांनाही तशीच खात्री आहे. बायकोला खात्री आहे की मी आत जाऊन गोंधळलो असणार. तिनं कुणाला दिलं, हे मला माहीत नाही. बावीस वर्षांच्या संसारात तिचे सगळे पासवर्ड मला ठाऊक आहेत, फोनचा, बँकेचा, अगदी माहेरच्या वायफायचासुद्धा. मत विचारलं की म्हणते, "गुप्त म्हणजे गुप्त."

१ जूनला शेवटचा, सातवा टप्पा संपला. त्यानंतर अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवता येत नाहीत. त्या अर्ध्या तासात अण्णांनी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि टीव्हीसमोर येऊन बसले. साडेसहाला आकडे कोसळायला लागले. बहुतेक साडेतीनशेच्या पुढचे, काही चारशेला टेकलेले. मामा सोफ्यावरच होते. चहाचा कप अर्धा ठेवून ते उठले. "जरा काम आहे," म्हणाले. त्यांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली आहेत.

सोमवारी शेअर बाजार अडीच हजार अंशांनी वर गेला. बायको दिवसभर गुणगुणत होती. अण्णांनी आईला हळूच सांगितलं, "सून आपल्यातली आहे."

आणि मग मंगळवार, ४ जून.

मामा सकाळी साडेसातलाच आले, सुतकाला आल्यासारखे. आठला टपाली मतं मोजायला सुरुवात झाली. रिमोट माझ्याकडे देण्यात आला, कारण घरात तटस्थ म्हणून माझी ख्याती आहे (म्हणजे दोघांचाही माझ्यावर सारखाच अविश्वास आहे). दर पाच मिनिटांनी वाहिनी बदलायची, असा ठराव झाला. मोबाइलवर घड्याळ लावून मी वाहिन्या फिरवत होतो. आणि मराठी भाषेनं त्या दिवशी माझ्या आईचा जो छळ केला, तो कुठल्याच पक्षानं केला नसेल.

"काय चाललंय?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"आघाडी आघाडीवर आहे," मामा म्हणाले.

"आणि पिछाडीवर कोण?"

"आपल्याकडे युती. पण दिल्लीत युती आघाडीवर आहे."

"म्हणजे आघाडीत युती आहे?"

"नाही गं. आघाडी पिछाडीवर आहे, पण मागच्या वेळेपेक्षा आघाडीवर."

आई बाहेर आली नाही. कुकरची शिट्टी तेवढी जरा जोरात वाजली.

अकरापर्यंत अण्णांच्या शर्टाची इस्त्री मोडली. दुपारी एका सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख वाहिनीवरच रडायला लागले. आई तेवढ्यापुरती पदराला हात पुसत बाहेर आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, त्यांना कुणीतरी पाणी द्या रे." दिवसभरात घरातलं तेवढं एकच वाक्य असं होतं की ज्यावर कुणी वाद घातला नाही. बाजार त्या दिवशी जवळजवळ चार हजार चारशे अंशांनी आपटला. बायकोचा चेहरा उतरला. अण्णांनी तिच्याकडे बघून मान हलवली, दुःखात सोबत आहे अशी. ती मला आत बोलावून म्हणाली, "त्यांना सांग, माझी एसआयपी आहे."

संध्याकाळी चित्र असं. भाजप २४०. त्यांची सगळी आघाडी मिळून २९३, बहुमताला लागतात २७२. काँग्रेस ९९, विरोधकांची सगळी आघाडी २३४. महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३० विरोधकांकडे, १७ सत्ताधाऱ्यांकडे, एक अपक्ष. म्हणजे सरकार अण्णांचं आणि पेढ्यांचा बॉक्स मामांच्या हातात. अण्णा खिडकीकडे तोंड करून बसलेले. आई दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"नक्की जिंकलं कोण?"

"आम्ही," मामा हसत म्हणाले.

"आम्ही," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होता.

मी प्रथेप्रमाणे अण्णांना म्हटलं, अभिनंदन. ते म्हणाले, "टोमणे मारू नकोस." मग मामांना म्हटलं, थोडक्यात राहिलं हो, वाईट वाटलं. ते म्हणाले, "वाईट कशाचं? पेढा घे." पेढा घेतला तर अण्णांना वाईट वाटणार, नाही घेतला तर मामांना. मी अर्धा घेतला. दोघांनाही वाईट वाटलं.

रात्री जेवताना तराजू फिरला. पेढ्यांचा अंमल उतरला तसं मामांच्या लक्षात आलं की शपथ काही आपली माणसं घेणार नाहीत. आणि वरणभात पोटात गेल्यावर अण्णांच्या लक्षात आलं की शपथ आपलीच माणसं घेणार आहेत. मामांनी ताक घेतलं नाही. अण्णांनी दोनदा घेतलं. मामा निघताना उरलेल्या पेढ्यांचा बॉक्स बरोबर घेऊन गेले.

खरा त्रास त्यानंतरचा. दिवसा दोघांचं बोलणं बंद, हे ठीक, त्याची सवय आहे. पण ५ जूनच्या रात्री दोन वाजता मी पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात दिवा. अण्णा ओट्यापाशी उभे, हातात कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहिलेलं:

२४० + १६ + १२ = २६८.

"चार कमी पडतात," अण्णा म्हणाले.

सोळा चंद्राबाबूंचे, बारा नितीशकुमारांचे. मी म्हटलं, अण्णा, शिंदेंचे सात विसरलात. त्यांनी लिहिले. २७५. मग त्याकडे बघत बसले. "पण ते बारा? त्या बारांचा काय भरवसा?" पेन्सिलीनं बारावर गोल केला. मग सोळावर. मग दोन्ही खोडले आणि पुन्हा २४० वर आले.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. मामा. रात्री दोनला मामांचा फोन म्हणजे माझ्या पोटात गोळा आला. उचलला तर पलीकडून, "झोपला नाहीस ना? लिहून घे. २३४ अधिक १६ अधिक १२. किती होतात?"

"२६२."

"दहा कमी. दहा कुठून आणायचे?"

दोन घरांत दोन म्हातारी माणसं, एकाच वेळी, त्याच अठ्ठावीस खासदारांना आपल्या बाजूला ओढत होती. तिकडे ते अठ्ठावीस बिचारे झोपले असतील. मी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला आणि पाणी प्यायलो.

"त्याला सांग, सोळा आमच्याकडे पक्के आहेत," अण्णा मला म्हणाले.

"भाऊजींना सांग, पक्के असते तर ते जागे नसते," मामा मला म्हणाले.

मग हे रोजचं झालं. दिवसा अबोला, रात्री दोनला हिशेब, मध्ये मी. ९ जूनला शपथविधी झाला आणि मला वाटलं, सुटलो. पण कुठल्या तरी वर्तमानपत्रात कुणीतरी 'नाराज' असल्याची चौकट यायची आणि रात्री पुन्हा ओट्यावर पत्रिका. लग्नसराई संपत आली होती हे देवाचं देणं. कोऱ्या बाजू संपत चालल्या होत्या.

मामांचं एक वेगळंच दुखणं होतं. मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात त्यांच्या बाजूचा उमेदवार ४८ मतांनी पडला. लाखांनी मतं पडलेली आणि फरक ४८. मामांचा एक चुलतभाऊ तिथंच राहतो आणि २० मे रोजी तो सहकुटुंब महाबळेश्वरला होता. सहकुटुंब म्हणजे सहा मतं. मामांनी गणित मांडलं: अशी आठ कुटुंबं घरी थांबली असती तर बरोबरी. पण बरोबरी झाली की चिठ्ठी टाकतात, आणि चिठ्ठीवर मामांचा विश्वास नाही. म्हणून ते नववं कुटुंब शोधत होते. "तुमच्या ऑफिसातलं कोणी गेलं होतं का रे त्या दिवशी बाहेरगावी?" असं त्यांनी मला जुलैत तीनदा विचारलं. चुलतभावाला त्यांनी गणपतीला बोलावलं नाही.

माझंही फार शहाणपणाचं चाललं होतं असं नाही. निवडणूक आयोगाच्या निकालाच्या संकेतस्थळावर मी जूनच्या अखेरीपर्यंत जात होतो. आकडे तेच असायचे. तरी पान ताजं करून एकदा बघायचो. २४०. ९९. मग बंद करायचो. गॅस बंद केलाय का हे बघायला माणूस जिन्यातून परत येतो, तसं. कुणी आनंदात दिसलं तर संताप यायचा आणि कुणी दुःखात दिसलं तरी संतापच यायचा. लिफ्टमध्ये शेजारचे जोशी नुसतं "काय मग?" म्हणाले तर मी दोन मजले आधीच उतरलो.

नख मात्र शिस्तीत वाढत होतं. जूनमध्ये मुळाशी पांढरी चंद्रकोर दिसली. ऑगस्टमध्ये शाई अर्ध्यावर आली, वर काळं, खाली गुलाबी, मध्ये सरळ रेघ. रस्त्यावरच्या त्या चुन्याच्या रेघेची आठवण यायची. मुलीचं हे पहिलंच मतदान. तिनं निकालाच्या आठवड्यातच त्यावर नेलपॉलिश लावलं आणि विषय मिटवला. मला म्हणाली, "बाबा, तुम्हीही लावा." मी विचार केला होता, खोटं कशाला बोलू.

१६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी शेवटचा काळा तुकडा नेलकटरच्या दाढेत आला. मी गॅलरीत पेपर पसरून बसलो होतो. आतून आई ओरडली, "तिन्हीसांजेला नखं काढू नये रे!" पण मी थांबण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. कट् आवाज झाला. काळी चंद्रकोर पेपरावर पडली. बोट स्वच्छ. मी ते उजेडात धरून दोन्हीकडून पाहिलं.

फोन वाजला. मामा. दिवसाउजेडी.

"भाऊजींना दे."

चार महिन्यांत हे पहिल्यांदा घडत होतं. मी धावत फोन अण्णांकडे नेला. दोघांचा समेट आपल्या डोळ्यांदेखत होतोय, या कल्पनेनं मला भरून आलं. अण्णांनी फोन कानाला लावला. थोडा वेळ ऐकलं.

"हो, कालच जाहीर झालं. २० नोव्हेंबर. निकाल २३ ला," अण्णा म्हणाले. "दोनशे अठ्ठ्याऐंशी. म्हणजे एकशे पंचेचाळीस लागतात. तू किती धरतोस?"

गॅलरीत येऊन मी पेपर उचलला. काळी चंद्रकोर विधानसभेच्या तारखांच्या चौकटीवर पडली होती. ती झटकत होतो तेवढ्यात अण्णांनी फोनवर हात ठेवून आतून हाक मारली.

"अरे, घरात एखादी पत्रिका आहे का बघ. मागून कोरी."