आकडा एसी लावून सांगा, मराठवाड्याच्या उन्हात सांगा

आज दुपारी आमच्या शाळेतल्या एका तरुण सरांचा फोन आला, आवाजातच आनंद मावंना. "सर, बुक केली इलेक्ट्रिक कार. शोरूमवाला म्हणला, एकदा फुल केली की लातूरहून निघायचं ते डायरेक्ट पुण्यात उतरायचं, मधी थांबायचं कामच नाही." मी म्हणलं, लातूर-पुणे सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढं आहे बाबा, हे एसी लावून सांगितलं का बिगर एसीचं, आणि किती स्पीडनं? तर म्हणतो, "ते नाही विचारलं सर, पेपरवर तर साडेचारशेच्या पुढं लिहिलंय." पोरगं आता कुठं पर्मनंट झालंय, सात वर्षांचा हप्ता डोक्यावर घेणार, आणि त्याला कुणी एवढं पण नीट सांगंना. तवापासून डोकं तापलंय माझं म्हणून लिहायलोय.

माझी गाडी त्याच बॅटरीची आहे, चाळीस युनिटच्या आसपासची. कंपनीचं, शोरूमचं नाव लिहिणार नाही, कारण हे सगळीकडं असंच चालू आहे. लातूरच्या गावात, गंजगोलाई ते औसा रोड, एसी लावून तीनशेच्या जवळपास जाते, एकदम मस्त. हायवेला ऐंशीनं धरली तर तेवढीच. शंभरनं धरली, मे महिना, एसी चालू, चार माणसं आणि डिक्कीत सामान, की अडीचशेच्या पण आत येते. हे तीन आकडे मला शोरूममधी कुणी सांगितले नाहीत, गाडी घेऊन रस्त्यावर निघाल्यावर कळले, आणि ज्या दिवशी कळले त्या दिवशी मागच्या सीटवर माय होती.

मायचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तपासणीला संभाजीनगरला नेलं होतं. रात्री बहिणीकडं पंधरा अँपिअरच्या प्लगवर गाडी लावून ठेवली, सकाळी शंभर टक्के. स्क्रीनवर तीनशेच्या वर किलोमीटर दाखवायली आणि लातूर पावणेतीनशे. हिशोब बसतोय ना? बसतोच. पण स्क्रीन जे दाखवते ते मागच्या चालवण्यावरून दाखवते हे तरी कुणी सांगायला पाहिजे का नको, संभाजीनगरात गाडी गावातच फिरली होती तर ती गावाचाच हिशोब दाखवणार. आडूळ गेलं, पाचोड गेलं, गेवराई येईस्तोवर रस्त्याचे किलोमीटर कमी आणि स्क्रीनवरचे जास्त उतरायलेत. बीडला येईपर्यंत निम्म्याच्या खाली. बीडला अ‍ॅपवर चार्जर चालू दाखवत होता, जाऊन बघतो तर बंद. तिथलं पोरगं म्हणालं, "लाईटचा प्रॉब्लेम आहे मामा, संध्याकाळपर्यंत होईल." दुपारचे दीड, ऊन असं की डांबर चकाकतंय, आणि पुढं मांजरसुंब्याचा घाट.

आता इथं आपल्या लोकांना समजंल असं सांगतो. आपण मराठवाड्याची माणसं टक्क्यात जगतो. मांजरा धरण किती टक्के, जायकवाडी किती टक्के, हे आपल्याकडं शाळेतलं लेकरू पण सांगतं, आणि मृतसाठा म्हणजे धरणाच्या तळाचं हात न लावता येणारं पाणी, हे पण आपल्याला शिकवावं लागत नाही. बॅटरी तशीच आहे. शंभर टक्के लिहिलेले सगळे तुमचे नसतात, खालचे दहा टक्के हायवेला हात लावायचे नाहीत. आणि वरचे वीस टक्के फास्ट चार्जरवर इतके हळू भरतात की वाटेत कुणी त्यासाठी थांबत नाही, ऐंशी झाले की माणूस निघतो. म्हणजे वाटेत भरून निघालं की हातात सत्तर टक्केच. अडीचशेचे सत्तर टक्के काढा. एकशे सत्तर-पंचाहत्तर. हायवेवर एका चार्जरपासून दुसऱ्यापर्यंत खरी पोच ही आहे, आणि हा आकडा कुठल्याच जाहिरातीत नाही.

मग तो साडेचारशेचा आकडा येतो कुठून? टेस्ट होते, खोटी नसते, एवढं मान्य. मॉडिफाईड इंडियन ड्रायव्हिंग सायकल म्हणतात तिला, पुण्यात एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत होते. गाडी रोलरवर उभी करून चालवतात, ठरलेल्या वेळेत ठरलेला स्पीड. पहिला भाग शहराचा, त्यात स्पीड पन्नासच्या वर जातच नाही. दुसऱ्या भागात जास्तीत जास्त नव्वद. एसी बंद. घाट नाही, समोरून वारा नाही. आधी बऱ्याच गाड्यांचा नुसत्या पहिल्या भागाचाच आकडा जाहिरातीत मिरवायचे, २०२४ पासून दोन्ही भाग धरून सांगायला लागले तर त्याच गाड्यांचे आकडे धाडकन खाली आले, गाडीत एक नट पण बदलला नव्हता. आणि आपल्या या सरांना शोरूमवाला अजून जुनाच आकडा वाचून दाखवायलाय!

एसी बंद ठेवून टेस्ट. हे वाचलं की मला राग आवरंना. लातूरला, परभणीला, नांदेडला मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री असतं, अशा उन्हात एसी बंद ठेवून कोण गाडी चालवतं हो? चालवलं आम्ही. घाट लागायच्या आधी मायनं स्क्रीनकडं बघितलं. तिला वाचायला फारसं येत नाही पण आकडे येतात, आणि बीडपासून ती गप होती. मग म्हणाली, "बंद कर ते एसी. मला काय उन्हाची सवय नाही का." काळा चष्मा डोळ्यावर, डॉक्टरनं धुळीला जपा म्हणून बजावलेलं, म्हणून काच पण खाली घेता येईना. नुसता ब्लोअर, तो पण गरम हवा फेकणारा. जिनं जन्मभर उन्हात खुरपलं तिला या वयात पोराच्या नव्या गाडीत तरी गार बसता यावं म्हणून घेतली होती ना गाडी? आणि तिनंच एसी बंद करायला सांगावं. मी साठनं चालवत राहिलो, मागून ट्रकवाले हॉर्न देऊन पुढं जायलेत, आरशात बघितलं की ती पदरानं मान पुसायली.

एसीला खरं तर लई लागत नाही, एकदा गाडी गार झाली की तासाला एक-दीड युनिट. जास्त खातो तो स्पीड. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो, ऐंशीचे शंभर केले की रेटा दीडपटीच्या वर जातो. हे मी आमच्या नववीच्या पोरांना फळ्यावर पाच मिनिटांत समजावून सांगू शकतो, मग लाखो रुपयांची गाडी विकणाऱ्याला गिऱ्हाइकाला सांगायला काय होतं? "साहेब, हायवेला शंभरनं गेलात तर अडीचशे धरा, ऐंशीनं गेलात तर पावणेतीनशे-तीनशे धरा, घाट चढायचा असंल तर अजून वजा करा." संपलं. एवढ्यानं गाडी विकायची थांबत नाही. मला हे आधी सांगितलं असतं तरी मी हीच गाडी घेतली असती, देवाशप्पथ.

कारण गाडी चांगली आहे, हे पण लिहितो, नाहीतर उद्या कुणीतरी म्हणंल सर इलेक्ट्रिकच्या विरोधात आहेत. घाट उतरताना ब्रेकवर पाय न ठेवता बॅटरी थोडी का होईना परत भरते, जाताना मांजरसुंब्याहून बीडकडं उतरलो तेव्हा टक्का हलला नव्हता, मायला ते दाखवलं तर किती वेळ हसत होती. इंजिनाचा आवाज नाही म्हणून तिला मागून मोठ्यानं बोलावं लागत नाही, अख्ख्या वाटेनं ती गोष्टी सांगते, कुणाचं लग्न कुठं झालं, कुठल्या सालात कुठल्या विहिरीला पाणी लागलं. घरी चार्ज केलं तर खर्च पेट्रोलच्या पाव-तिसऱ्या हिश्श्यात. रोज शाळेला जाऊन येणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगलं काही नाही. आणि हो, पेट्रोल गाडी पण कागदावरचं ॲव्हरेज देत नाही, मान्य. पण तिथं पंप दिसतो, पाच मिनिटांत टाकी भरते, माणूस निघतो. इथं कमी पडलं तर केजच्या एखाद्या धाब्यावर पंधरा अँपिअरचा प्लग मागत बसा, तासाला तीन युनिट.

आम्हाला त्या दिवशी अंबाजोगाईच्या अलीकडं चार्जर मिळाला, चालू होता, देवाची कृपा. शेवटचे टक्के किती होते ते मी मायला सांगितलं नाही. चार्ज होईपर्यंत एसी लावून तिला आत बसवलं, बाहेरून काचेतून बघितलं तर झोपली होती.

राज्य सरकारच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात राष्ट्रीय महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायची म्हणून लिहिलंय. सोलापूर-धुळे हायवे राष्ट्रीयच आहे ना? मग बीडचा एक बंद पडला तर अख्खी दुपार कशी काय हातची जाते? तिकडं संभाजीनगरजवळ बिडकीनला ऑरिक औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिक स्कूटरचा कारखाना यायलाय, चांगलं आहे, आपल्या पोरांना काम लागंल. पण इथं बनणाऱ्या गाड्या इथल्या उन्हात, इथल्या रस्त्यावर किती जातात हे इथल्या माणसाला खरं सांगायची पद्धत पण याच मातीत सुरू व्हावी असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर मराठीत मोठ्या अक्षरात चिकटवा: एसी चालू, शंभरचा स्पीड, चाळीस डिग्री, एवढे किलोमीटर. एकच ओळ.

आणि टेस्ट ड्राईव्ह म्हणून शोरूमपासून चौकापर्यंत फिरवून आणतात ते बंद करा. त्या सरांना मी सांगितलंय, बुकिंग कॅन्सल करू नको, पण पैसे पूर्ण भरायच्या आधी फुल चार्ज गाडी माग, एसी लावून रेणापूर, अंबाजोगाई, केज आणि परत. रविवारी मी पण येतो सोबत, वहिनीला आणि आईवडलांना पण बसव, म्हणजे भरलेल्या गाडीचा हिशोब कळंल. नाही दिली तर दुसरं शोरूम बघू.

तोपर्यंत एक काम करा सगळ्यांनी. बीड, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई, लातूर या रोडला, आणि येरमाळा-धाराशिवकडं पण, जो चार्जर तुम्ही स्वतः या आठवड्यात वापरलाय तोच खाली लिहा. अ‍ॅपवर दिसतो म्हणून लिहू नका. किती किलोवॅटचा आहे, रात्री चालू असतो का, बाजूला सावली आणि प्यायला पाणी आहे का, ते पण लिहा. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्याला तेच आधी बघावं लागतं.